जांभळ्या खुणेची साक्ष

आयफोनवरच्या एखाद्या ॲपमध्ये आपण चार ओळी लिहितो, तेव्हा त्या चौकटीमागे बहुधा यूआयटेक्स्टव्ह्यू नावाचा घटक काम करत असतो. २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले तेव्हापासून तो आहे. बाहेरून तो फारसा बदलला नाही. आतले यंत्र मात्र दोनदा पालटले. सुरुवातीला त्याच्या पोटात वेबकिट होते. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये मॅकवर मुरलेली टेक्स्टकिट ही यंत्रणा त्यात आली. २०२१ मध्ये ॲपलने टेक्स्टकिट २ आणले आणि पुढच्या वर्षी आयओएस १६ पासून हा घटक आपोआप त्यावर चालू लागला. ॲप चालू असताना एक्सकोडमध्ये उमटणारे, कधी जांभळ्या खुणेने तर कधी नुसत्या एका ओळीने दिसणारे इशारे बरेचदा अशाच सांध्यांवरून येतात. ॲप बंद पडत नाही, अक्षरे उमटत राहतात, म्हणून पुष्कळ जण ते मागे टाकतात किंवा कसेबसे गप्प करतात. दोन्ही चूक आहे. असा इशारा बिघडलेल्या ओळीचा पत्ता क्वचितच देतो. मजकूर कोणाच्या ताब्यात आहे याबद्दल दोन यंत्रणांत एकमत नाही, ही साक्ष तो देतो. दुरुस्ती करायची ती त्या ताब्याची.

पहिला पुरावा टेक्स्टकिटचाच. लेआउट मॅनेजर हा जुना गुणधर्म वाचला गेल्यामुळे हा घटक टेक्स्टकिट १ च्या सुसंगतता-अवस्थेत जात आहे, अशा अर्थाची ओळ कन्सोलमध्ये येते. गुणधर्म नुसता वाचला, काही बदलले नाही, तरी यंत्र पालटते; आणि त्या घटकाला मग आपोआप परतीची वाट नाही. हे विचित्र वाटते, पण कारण भक्कम आहे. जुनी यंत्रणा प्रत्येक वर्णसंकेताला पडद्यावरच्या आकृतीचा क्रमांक लावून देते. इंग्रजीत हा हिशेब बहुतेक वेळा जुळतो. आपला 'आर्थिक' हा शब्द घ्या. स्मृतीत तो आ, र, हलन्त, थ, ऱ्हस्व इकार, क अशा सहा संकेतांत असतो. पडद्यावर र आणि हलन्त मिळून एकच रफार होतो आणि तो थच्या डोक्यावर बसतो. थनंतर लिहिलेली वेलांटी थच्या आधी जाते. मग दुसऱ्या संकेताची आकृती कोणती, या प्रश्नाला एकेरी उत्तर उरत नाही. नवी यंत्रणा मांडताना ॲपलने २०२१ च्या परिषदेत कन्नडमधला 'ऑक्टोबर' हा शब्द उदाहरणादाखल घेतला होता, तो याचसाठी. टेक्स्टकिट २ ने आकृत्यांचे क्रमांक देणेच सोडून दिले. त्यामुळे कोणी जुन्या पद्धतीने ते मागितले, तर घटकाला जुने यंत्र बाहेर काढण्यावाचून पर्याय राहत नाही.

यावर अनुभवी लोकांचा आक्षेप असतो की जुने यंत्र वर्षानुवर्षे पारखलेले आहे, नवे अजून पुरते स्थिरावलेले नाही. जुन्यावर गेलो तर बिघडले काय? आक्षेप रास्त आहे. पण मग तसे सुरुवातीलाच ठरवावे. टेक्स्टकिट २ नको, असे सांगून हा घटक तयार करण्याची सोय आयओएस १६ पासून आहे, आणि तसे केले की इशारा येतच नाही. म्हणजे तक्रार जुन्या यंत्राविरुद्ध नाहीच. कोणी न ठरवता, मजकूर भरलेला असताना, मध्येच यंत्र बदलले गेले, याविरुद्ध आहे. टेक्स्टकिट २ वर राहायचे असेल तर आधी टेक्स्ट लेआउट मॅनेजर आहे का ते पाहावे आणि तो नसेल तरच जुन्याला हात लावावा.

दुसरा इशारा स्विफ्टयूआयचा, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. दृश्य अद्ययावत होत असतानाच स्थिती बदलली जात आहे, परिणामाची शाश्वती नाही, असे तो म्हणतो. स्विफ्टयूआयला २०२० मध्ये टेक्स्टएडिटर मिळाला, पण अधिक ताबा हवा असलेले विकसक यूआयटेक्स्टव्ह्यूला स्वतः वेष्टण घालतात. तिथे साखळी अशी तयार होते: स्थितीतला मजकूर अपडेटच्या फंक्शनमधून घटकात भरला जातो, भरताना कर्सर हलतो, कर्सर हलल्याची वर्दी डेलिगेटला तिथल्या तिथे मिळते, डेलिगेट ती पुन्हा स्थितीत लिहितो, आणि स्विफ्टयूआयचे काम अजून अर्धवटच असते. एकाच वहीत दोघे एकाच क्षणी लिहीत आहेत. यावरचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे ते लिहिणे मुख्य रांगेत थोडे पुढे ढकलणे. इशारा गप्प होतो, वहीत मात्र अजून दोघेच असतात. मधल्या वेळात वापरणाऱ्याने आणखी एक अक्षर टाइप केले, तर मागाहून येणारा शिळा मजकूर त्यावर बसू शकतो, कर्सर शेवटी उडी मारतो, आणि जपानी किंवा चिनी कळफलकावर अर्धवट जुळवलेला शब्द मोडतो. खरा उपाय कंटाळवाणा आहे, पण टिकतो. मजकूर खरोखर वेगळा असेल तरच घटकात भरावा. आपण स्वतः भरत असताना आलेल्या वर्दीला डेलिगेटने उत्तर देऊ नये. शब्द जुळवणे चालू असेल तर मजकुराला हात लावू नये. लिहिणारा माणूस चौकटीत असेपर्यंत ताबा घटकाचा, एरवी स्थितीचा, एवढे ठरवले की पुढचे बरेच प्रश्न उद्भवत नाहीत.

कन्सोलमधले निम्मे बोलणे प्रणालीचेच असते, कळफलकाच्या आतल्या मांडणीच्या तक्रारी त्यात असतात, मग कशाकशाच्या मागे धावायचे, असेही विचारले जाते. हे खरेच आहे, आणि प्रत्येक ओळीला सारखे महत्त्व देणारा विकसक लवकरच एकाही ओळीकडे पाहीनासा होतो. पण निवड अंदाजाने करावी लागत नाही. टेक्स्टकिटचा इशारा तर कोणत्या फंक्शनवर थांबायचे तेही सांगतो. तिथे ब्रेकपॉइंट लावला की कोणी कोणाला बोलावले याची उतरंड समोर येते. तीत आपला कोड असेल, किंवा आपण घेतलेली एखादी लायब्ररी असेल, तर काम आपले. दोन्ही नसतील तर ओळ निर्धास्त सोडून द्यावी.

या साक्षीची मर्यादाही मान्य करायला हवी. काही मतभेदांत यंत्र तोंडच उघडत नाही. अक्षरमर्यादा असलेली चौकट घ्या. यूआयटेक्स्टव्ह्यूच्या निवडीचा हिशेब यूटीएफ-१६ च्या एककांत चालतो, आणि त्यात 'स्त्री' सहा भरते. युनिकोडच्या जुन्या नियमांनी तिचे स्, त् आणि री असे तीन तुकडे होत. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे एकसंध धरली, म्हणून आता तिथे उत्तर एक. वाचणाऱ्यालाही ते एकच अक्षर दिसते. मर्यादा चौथ्या एककावर आली आणि कोडने तिथे कात्री लावली, तर चौकटीत 'स्त्' उरते, आणि कन्सोलमध्ये काहीही येत नाही. इथे इशारा आपणच लिहावा लागतो: प्रत्येक कापणीची जागा अक्षराच्या सीमेवर आहे की नाही हे तपासणारी, चाचणीच्या बिल्डमध्ये ॲपला जागीच थांबवणारी एक अट, आणि तिच्यासमोर ठेवायला 'स्त्री', 'आर्थिक', 'राष्ट्र' यांसारखे शब्द.