मणक्याच्या शस्त्रक्रियेतील त्रिमितीय मुद्रित मार्गदर्शक साचा : कार्यपद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
अस्थिभंग, क्षयरोग किंवा वक्रता यांमुळे अस्थिर झालेले मणके परस्परांशी जोडण्यासाठी धातूचे स्क्रू व सळ्या बसविल्या जातात. फ्रान्सचे रॉय-कॅमिल यांनी १९६३ मध्ये 'पेडिकल' या अरुंद अस्थिस्तंभातून स्क्रू बसविण्यास प्रारंभ केला. छातीच्या मध्यभागी या स्तंभाची रुंदी बहुधा ४ ते ५ मिलिमीटर असते व त्याच्या आतल्या बाजूस मज्जारज्जू असतो. त्यामुळे अल्पशी चूकही रुग्णास पंगू करू शकते.

मानेच्या वरच्या दोन मणक्यांजवळून मेंदूकडे जाणारी धमनी असते. तेथे स्क्रू व पट्टी बसविण्याची पद्धत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या गटाने २०१६ मध्ये याच शस्त्रक्रियेसाठी त्रिमितीय प्रतिकृतींचे महत्त्व मांडले. प्रतिकृती रचना दाखविते. मार्गदर्शक साचा दिशा देतो.

कार्यपद्धती :
प्रथम सी. टी. स्कॅनवरून संगणकावर मणक्याची प्रतिमा तयार करतात. त्यावर शल्यविशारद स्क्रूचा प्रवेशबिंदू, कोन व लांबी निश्चित करतो. नंतर कवळीसाठी घेतलेल्या ठशाप्रमाणे मणक्याच्या मागील पृष्ठभागाचा उलट ठसा असलेला साचा मुद्रित करतात. त्यातील नळीतून ड्रिल नियोजित दिशेनेच जाते.

मर्यादा :
१) हाडावर मांसतंतू राहिल्यास साचा उचलला जातो व कोन चुकतो.
२) स्कॅन उताण्या व शस्त्रक्रिया पालथ्या स्थितीत होते. मणक्यांचे परस्परस्थान बदलत असल्याने साचा एकाच मणक्यावर टेकणे श्रेयस्कर ठरते.
३) तातडीच्या शस्त्रक्रियेत साचा तयार करण्यास अवधी नसतो.

महाविद्यालयांची भूमिका :
सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व अभियांत्रिकी महाविद्यालये एकाच शहरात आहेत. अध्यापनासाठी मणक्याच्या प्रतिकृती संयुक्तपणे तयार करणे त्यांना शक्य आहे. मात्र प्रयोगशाळेतील मुद्रकात सामान्यतः वापरले जाणारे पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ होते, तर वाफेने निर्जंतुकीकरण १२१ अंशांस होते. असा साचा निर्जंतुक करतानाच वाकेल आणि वाकलेला साचा साच्याविना केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षाही घातक ठरेल, कारण शल्यविशारद त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून रुग्णासाठी वापरावयाचा साचा योग्य पदार्थाचा, मोजून तपासलेला व नियमांनुसार प्रमाणित असणे अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
हे तंत्र निर्णयाचा क्षण शस्त्रक्रियागृहातून आदल्या दिवसाच्या नियोजनाकडे नेते. जबाबदारी संपत नाही. ती स्कॅन घेणारा, साचा रेखाटणारा व मुद्रित करणारा यांच्यात विभागली जाते. अंतिम पडताळणी क्ष-किरणांनी व शल्यविशारदाच्या हातानेच व्हावयास हवी. या साखळीतील प्रत्येकास इतरांच्या कामाची जाण असणे हेच आंतरविद्याशाखीय शिक्षणाचे खरे प्रयोजन होय.