सही कुणाची?

घोडबंदरला राहायला आल्यापासून एक काम आपोआप माझ्या गळ्यात पडले आहे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हणून शेजारपाजारची मंडळी कागद घेऊन सल्ल्याला येतात. गेल्या पावसाळ्यात एक आई आली, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात आहे. बाईंनी विचारले, "काका, आमच्यामागे ह्याचं कसं? ह्याच्या नावावर किती ठेवू?"

मी मुदत ठेवींचे दर सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. तीसेक वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. चाकाच्या खुर्चीतला एक तरुण खाते उघडायला आला होता. मी सगळे प्रश्न त्याच्या आईला विचारत होतो. "ह्याला सही येते का?" आई गप्प. तरुणाने पिशवीतून अक्षरांचा एक तक्ता काढला आणि थरथरत्या बोटाने एकेक अक्षर दाखवत गेला. मागे रांग ताटकळली होती. शब्द जुळले : मला विचारा.

सही जमत नसेल तर अंगठा आणि तोही अशक्य असेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, हा नियम मला पाठ होता. समोरचा माणूस मात्र दिसला नव्हता.

'मला विचारा' हे म्हणायला त्याला कुणीतरी शिकवले होते. त्यालाच विशेष शिक्षण म्हणायचे. ह्या आजारात जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते. हालचाल बिघडते, कधी वाचाही. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते. जीभ वळत नाही म्हणून मूल मठ्ठ ठरते, हा खरा घात.

मिठू अलूर यांची मुलगी मालिनी अशीच जन्मली. तिला सामावून घेणारी शाळा इथे नव्हती. आईने लंडनला जाऊन विशेष शिक्षणाचा अभ्यास केला आणि 1972 साली मुंबईत कुलाब्याला मूठभर मुलांना घेऊन केंद्र सुरू केले. त्यातून उभी राहिलेली 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' पुढे 'अडॅप्ट' झाली. मालिनी झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाल्या, लंडनला पुढे शिकल्या, नोकरी केली. एका करंगळीने टाइप करून त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच 'वन लिटल फिंगर'.

अशा शाळेत शिक्षकाबरोबर फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. आधी मुलाला नीट बसवायचे. पाठ टेकलेली, पाय फळीवर. धड स्थिर झाले की हात मोकळा होतो. मग जाड मुठीचा चमचा, घट्ट बसणारी वाटी, अक्षरांचा तक्ता. चमचाभर भात तोंडापर्यंत न्यायला कधी महिने लागतात. घरी आई दोन मिनिटांत भरवते. माया तीच, पण त्या दोन मिनिटांत मुलाची शिकण्याची संधी जाते.

2016 च्या कायद्याने 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हक्क कागदावर आला. पण घोडबंदरहून बसने भाईंदर वा मीरा रोड स्टेशन गाठायचे, गाडीने चर्चगेट आणि तिथून कुलाबा, हे त्या आईला रोज कसे जमावे? म्हणूनच गावातल्या शाळेला उतरता रस्ता हवा, आणि मूल बोलेपर्यंत वाट पाहणारा शिक्षक हवा.

बाईंना मी म्हटले, "ठेव जरूर ठेवा. पण ह्याला आपलं मन सांगता आलं नाही, तर ती रक्कम दुसरंच कुणीतरी सांभाळील आणि दुसरंच कुणीतरी ठरवील."

मग मी मुलाकडे वळलो आणि विचारले, "खातं उघडायचं का रे तुझं?"

आई उत्तर द्यायला पुढे सरकली. मी हातानेच थांबवले. बाहेर पाऊस पडत होता. आम्ही दोघेही थांबलो. बऱ्याच वेळाने त्याने मान हलवली.