गोल्फच्या काठीची लांबी
काठी लांब तितका चेंडू दूर, हा समज अर्धाच खरा आहे. अंग त्याच वेगानें वळलें तर लांब काठीचें टोंक मोठ्या वर्तुळांत फिरतें, म्हणून त्याची गति अधिक. लांब गोफणीचा दगड दूर जातो, तसेंच हें. परंतु टोंक हातापासून जों जों दूर, तों तों तें ताब्यांत ठेवणें कठीण. चेंडूचा व्यास अवघा १.६८ इंच! २५० यार्डांच्या टोल्यांत दिशा एक अंश चुकली, कीं चेंडू चार यार्डांहून अधिक बाजूस पडतो. नियमांची कमाल मर्यादा ४८ इंच आहे. वरिष्ठ स्पर्धांत ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा २०२२ पासून मिळाली. कित्येक पालक मुलांच्या हातीं मोठ्यांची काठी देतात, तें आम्हांस पटत नाहीं. त्यानें झोंकच बिघडतो. अचूकपणा हवा असतां कसलेले खेळाडूदेखील आपलीच काठी इंचभर खालीं धरतात.