भाड्याचा संगणक आणि गावातले काम

बिदर शहरालगतच्या नौबाद येथे बहमनी काळातील एक कारेज आहे. कारेज म्हणजे भूमीच्या पोटातून वाहणारा पाण्याचा पाट. उगमाशी एक मूळ विहीर, तेथून मंद उताराने खोदून नेलेला बोगदा आणि त्या बोगद्यावर ठिकठिकाणी उघडलेली विहिरींची तोंडे, अशी त्याची रचना असते. आपल्या घराजवळच्या तोंडातून जो माणूस पाणी शेंदी, त्याला मूळ विहीर कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नसे. संगणकाच्या व्यवहारात ज्याला आज ‘क्लाउड’ म्हणतात, त्याचे नाव ढगाचे असले तरी रूप या कारेजाचे आहे. दूर कोठेतरी, थंड राखलेल्या प्रशस्त दालनांत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात. त्यांचा एखादा अंश तासाच्या वा महिन्याच्या बोलीने भाड्याने मिळतो आणि तो घेणारा माणूस घरी बसून त्यावर काम करतो. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली असे संगणक भाड्याने देण्यास आरंभ केला आणि तेव्हापासून हा व्यवहार जगभर पसरला.

बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांना या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याण हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात राहिला. या भागात शिक्षणाची सोय नाही असे नाही. कलबुर्गीचे पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ सालचे आणि बिदरचे गुरु नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय १९८० सालचे आहे. परंतु शिकलेला मुलगा बहुधा पुण्याची, हैदराबादची वा बंगळूरची वाट धरतो. आणि जिला घर सोडता येत नाही अशा शिकलेल्या मुलीचे शिक्षण घरातच पडून राहते. संकेतस्थळे तयार करण्याचे काम हे अशा मोजक्या कामांपैकी एक आहे की जे भालकीत बसून मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी करता येते. तथापि ज्या कामाचे महिन्याला तीन-चार हजार रुपये मिळतात, त्यातील निम्मे भाड्याच्या संगणकावर गेले, तर हा उद्योग वर्षभरही टिकत नाही आणि पुन्हा गाव सोडण्याची वेळ येते. म्हणून स्वस्त कशाला म्हणावे, याचा विचार आधी करावयास हवा.

जाहिरातीत ज्याचा आकडा सर्वांत लहान, ते स्वस्त, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनुभव मात्र निराळे सांगतो. ज्याचे पुढील महिन्याचे बिल आज सांगता येते आणि ज्यातून आपले सामान उचलून केव्हाही बाहेर पडता येते, तेच खऱ्या अर्थाने स्वस्त होय. पुढील सारा विचार या दोन कसोट्यांवरच करावयाचा आहे.

प्रथम काम कोणते ते पाहावे. बिदरी काम करणाऱ्या कारागिराला आपल्या सुरया, तबके व फुलदाण्या यांची छायाचित्रे, आपला पत्ता आणि दूरध्वनीचा क्रमांक जगापुढे ठेवावयाचा असतो. अशा स्थिर पानांसाठी स्वतंत्र संगणक भाड्याने घेणे म्हणजे एका पत्रासाठी टपालगाडी करणे होय. गिटहब या संस्थेची ‘पेजेस’ ही सेवा २००८ सालापासून अशी पाने विनामूल्य ठेवते. मात्र त्या जागेवर थेट खरेदी-विक्रीचे दुकान चालविण्यास तिच्या नियमांत मुभा नाही. कलबुर्गीच्या डाळ गिरणीवाल्याची गरज याहून थोडी मोठी आहे. त्याला तुरीचे रोजचे भाव पालटावयाचे असतात, व्यापाऱ्यांच्या मागण्या नोंदवून ठेवावयाच्या असतात. त्याला अनेकांनी मिळून वाटून घेतलेली जागा, म्हणजे ‘शेअर्ड होस्टिंग’, पुरेशी होते. येथे एक सावधगिरी बाळगावी. पहिल्या वर्षाचा दर आकर्षक असतो, दुसऱ्या वर्षी तो कित्येकदा दुप्पट होतो. नूतनीकरणाचा दर विचारल्यावाचून पैसे भरू नयेत. तिसरे उदाहरण गाणगापूरच्या भक्तनिवासाचे घ्यावे. तेथे खोल्यांची नोंदणी करावयाची, वर्षभर वर्दळ बेताची, परंतु दत्तजयंतीच्या सुमारास एकदम झुंबड. येथे मात्र स्वतंत्र आभासी यंत्र उपयोगी पडते. कारण त्याची शक्ती आठवडाभर वाढवून पुन्हा कमी करता येते आणि वाढीव भाडे तेवढ्याच दिवसांचे पडते. अर्थात शक्ती वाढविताना तिची साठवणही वाढविली, तर पुष्कळ ठिकाणी मागे फिरता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता बिलाचा हिशेब करू. डिजिटल ओशन या कंपनीने २०२२ साली महिना ४ डॉलरचे लहान यंत्र काढले. त्याची स्मृती ५१२ मेगाबाइट. त्याच कंपनीच्या २ गिगाबाइट स्मृतीच्या साध्या यंत्राला १२ डॉलर पडतात. परदेशी कंपनीकडून अशी सेवा घेताना भारतात १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. म्हणजे ४ डॉलरचे ४.७२ आणि १२ डॉलरचे १४.१६ झाले. डॉलरचा भाव ९० रुपये धरला, तर पहिल्याचे सुमारे ४२५ आणि दुसऱ्याचे सुमारे १,२७५ रुपये होतात. रुपया घसरला की तेवढ्या प्रमाणात बिल वाढते. सबब गिऱ्हाइकाला वर्षाचा दर सांगताना थोडी सूट हाताशी ठेवावी.

काही खर्च जाहिरातीत ठळक दिसत नाहीत. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक जुन्या पद्धतीच्या पत्त्याला, म्हणजे आयपी क्रमांकाला, तासाला अर्धा सेंट आकारण्यास सुरुवात केली. महिन्याचे ते साडेतीन डॉलरांहून अधिक होतात. लहान यंत्राच्या भाड्याइतकीच ही रक्कम झाली. यंत्र बंद केले म्हणजे भाडे थांबले, ही समजूतही फसवी आहे. डिजिटल ओशनकडे यंत्र नुसते बंद ठेवल्यास आकार चालूच राहतो, ते समूळ काढून टाकावे लागते. ॲमेझॉनकडे बंद यंत्राचे भाडे थांबते, पण त्याच्या साठवणीचे थांबत नाही. खर्च ठरावीक रकमेच्या वर गेल्यास सूचना देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते आणि ती पहिल्याच दिवशी करून ठेवावी. परंतु ती सूचना केवळ कळविते, खर्च थांबवीत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा आपोआप होणाऱ्या वसुलीला खातेदाराची संमती नोंदलेली असावी लागते. ती नसल्यास पैसे अडकतात आणि गिऱ्हाइकाचे संकेतस्थळ बंद पडते. त्या दिवशी दोष बँकेचा नव्हे, काम करणाऱ्याचा ठरतो.

मूळ विहीर किती दूर आहे, यालाही महत्त्व आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील यंत्र येथून जवळजवळ १३,००० किलोमीटरवर आहे. तेव्हा एका प्रश्नाला जाऊन परत येण्यास सेकंदाचा आठवा भाग तरी लागणारच आणि प्रत्यक्षात वळणावळणाच्या मार्गाने त्याहून अधिक. एक अक्षर टंकले आणि ते पडद्यावर उमटण्यास एवढा वेळ लागला, तर दिवसभरात जीव मेटाकुटीस येतो. सुदैवाने आता यंत्रे जवळ आली आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत व २०२२ साली हैदराबादेत, डिजिटल ओशनने २०१६ साली बंगळुरात आपली केंद्रे उघडली. हैदराबाद तर बिदरपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. यंत्र घेताना ‘प्रदेश’ या रकान्यात भारतातील ठिकाण निवडावे.

यानंतर कोड एडिटरचा, म्हणजे आज्ञावली ज्यात लिहावयाची त्या साधनाचा, विचार येतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली जाहीर केलेला ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ आज सर्वांत लोकप्रिय असून तो विनामूल्य आहे. २०१९ पासून तो आपल्या घरच्या पडद्यावर उघडून दूरच्या यंत्रावरील फायली थेट संपादित करण्याची सोय त्यात झाली. परंतु या सोयीसाठी दूरच्या यंत्रावर निदान १ गिगाबाइट स्मृती लागते आणि २ गिगाबाइट असावी अशी त्याच्या कर्त्यांचीच शिफारस आहे. म्हणजे एडिटर फुकटचा असला तरी त्याच्यापायी ४ डॉलरचे यंत्र सोडून १२ डॉलरचे घ्यावे लागते. साधनाची किंमत अशी आडवाटेने वसूल होते.

यावर उपाय आहे. २००५ साली निर्माण झालेली ‘गिट’ ही पद्धती अशी आहे की, कामाची संपूर्ण प्रत, मागील सर्व फेरफारांच्या इतिहासासह, घरच्या संगणकावरही राहते. आज्ञावली घरीच लिहावी, घरीच तपासावी आणि दिवसातून एकदोनदा वर पाठवावी. आंतरजालाची जोडणी दुपारभर नसली तरी काम अडत नाही. जुन्या, कमी स्मृतीच्या लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओ कोड जड वाटल्यास ‘जीनी’ किंवा विंडोजवरील ‘नोटपॅड प्लस प्लस’ ही हलकी साधने चांगली चालतात. दूरच्या यंत्रावर किरकोळ दुरुस्ती करण्याची वेळ आली, तर तेथे ‘नॅनो’ किंवा ‘विम’ हे अक्षरपटलावर चालणारे एडिटर असतात. त्यांना स्मृती अगदी थोडी लागते. विमचे कर्ते ब्राम मोलनार यांनी १९९१ पासून तो विनामूल्य वाटला आणि मोबदला म्हणून युगांडातील मुलांना साहाय्य करण्याची विनंती तेवढी केली. असे काम करताना ‘टीमक्स’ नावाची आज्ञावली आधी चालू करावी. वीज जाऊन जोडणी तुटली तरी वरचे काम जेथल्या तेथे जिवंत राहते आणि पुन्हा जोडताच हाती लागते.

या जिल्ह्यांतील कामाला लिपीचाही एक पदर आहे. एकाच संकेतस्थळावर कन्नड, मराठी आणि पुष्कळदा उर्दूही लागते. मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी वा बरह यांच्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर गिऱ्हाईक आणून देते. तो तसाच चढविला तर वाचकाला भलतीच अक्षरे दिसतात. तो प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून यूटीएफ-८ पद्धतीने साठवावा. अक्षरपटलावरील एडिटरांत मराठी जोडाक्षरे बहुधा विस्कटलेली दिसतात. म्हणून मजकुराचे मुद्रितशोधन खिडकीत चालणाऱ्या एडिटरातच करावे, हे बरे.

आता दुसरी कसोटी, बाहेर पडता येण्याची. बिदरमधील महमूद गावानचा मदरसा १४७२ साली पुरा झाला आणि त्याच्या ग्रंथालयाची ख्याती दूरवर होती. पुढे त्या वास्तूत दारूगोळा ठेवण्यात आला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात तिचा दर्शनी भाग व एक मनोरा कोसळला. आजची दालनेही अभेद्य नाहीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक केंद्र आगीत भस्मसात झाले आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांचा मजकूर कायमचा गेला. भाडे भरले म्हणजे प्रत राखण्याची जबाबदारी कंपनीवर गेली, असे होत नाही. आठवड्यातून एकदा संपूर्ण संकेतस्थळाची व त्याच्या नोंदींची प्रत घरच्या तबकडीवर उतरवून घ्यावी. संकेतस्थळाचे नाव गिऱ्हाइकाच्याच नावे नोंदवावे. कंपनी बदलली तरी नाव त्याच्यापाशी राहते. आणि सहा महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या कंपनीच्या लहान यंत्रावर उभी करून पाहावी. तासाभराच्या भाड्यात ही परीक्षा होते.

नवशिक्याने आरंभी खर्च करूच नये. पहिले काम स्थिर पानांचे घ्यावे, ते घरी लिहावे आणि विनामूल्य जागेवर ठेवावे. गिऱ्हाइकाची गरज वाढली आणि त्याचे पैसे हाती येऊ लागले, म्हणजे भारतातील केंद्रावर सर्वांत लहान यंत्र घ्यावे आणि पहिल्या तीन महिन्यांची बिले वहीत मांडून पाहावीत. भालकीच्या वा आळंदच्या घरात बसून चालणारा हा धंदा उभा राहील की नाही, याचे उत्तर त्या वहीतच मिळते.