भयकथा : कागदावरून पडद्यावर

भूतकथा आणि विज्ञानकथा यांची सोयरीक जमत नाही, असा आपल्याकडे समज आहे. पण आम्हा वऱ्हाडकरांना या दोघींचे नाते लोणारला पाहावयास मिळते. बुलढाणा जिल्ह्यातले ते सरोवर म्हणजे लवणासुराची गुहा, असे आख्यायिका सांगते; आकाशातून आलेल्या अशनीने काळ्या पाषाणात पाडलेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर आहे, असे शास्त्र सांगते. यांत अधिक भयंकर काय? लवणासुराला विष्णूने मारले. पण दुसरा अशनी येणारच नाही, याची हमी कोण देणार?

याच प्रश्नावर डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘धूमकेतू’ ही कथा उभी आहे. एका हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो आणि तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने ठरते. शास्त्रज्ञ गाजावाजा न करता यान पाठवून त्याची वाट वळवतात. इकडे निरीक्षकाच्या घरी शांतीसाठी यज्ञ होतो, आणि अरिष्ट टळल्यावर त्याचे श्रेय यज्ञाला मिळते. या कथेवर चिल्ड्रेन्स फिल्म सोसायटीने हिंदी चित्रपट काढला, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. येथे भूत नाही, किंकाळी नाही. ज्या ज्ञानाने आपल्याला वाचवले त्याची आपल्याला ओळखही नाही, हे तिच्यातले खरे भय. आकाशातला धूमकेतू पडद्यावर दाखवता येईल. माणसाच्या मनातला हा अंधार दाखवणे मात्र कठीण, आणि रूपांतराची कसोटी तेथेच लागते.

दुसरे उदाहरण नारायण धारप (१९२५–२००८) यांचे. त्यांच्या ‘आजी’ या कथेचे मूळ स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेत आहे. अंथरुणाला खिळलेली, जादूटोणा जाणणारी आजी आणि घरात तिच्यापाशी एकटा राहिलेला नातू, एवढाच तिचा ऐवज. अमेरिकेत ही कथा १९८६ साली ‘ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेत आली आणि २०१४ साली ‘मर्सी’ या नावाने चित्रपटरूपात आली. आपल्याकडचा तिचा प्रवास अधिक मनोरंजक आहे. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वे या तरुणाला धारपांची कथा ऐकवली. ती ऐकलेली भीती त्यांनी वर्षानुवर्षे जपली आणि २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून.

या चित्रपटात आजी आहे, साखळदंडाने बांधलेली. परंतु कथेचा गाभा तिच्याभोवती फिरत नाही. सोन्याचा लोभी देव हस्तर अन्नाला पारखा झाला आहे. कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याच्या लंगोटातल्या मोहरा चोरावयाच्या, हा नायकाचा धंदा. पुढे तो मुलालाही तेच शिकवतो. मूळ कथेत भय बाहेरून घरात येते, येथे ते रक्तातून पुढच्या पिढीत उतरते. ऐकलेल्या कथेपासून इतके दूर जाऊनही चित्रपट तिच्याशी इमान राखतो, कारण ‘आपल्याच घरच्या माणसाचे भय’ हे तिचे मर्म त्याने सोडले नाही. २०२४ साली तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षाही अधिक गल्ला जमला.

तेव्हा, श्रोतेहो, रूपांतराची पारख प्रसंगांची मोजदाद करून होत नाही. प्रसंग बदलोत, गाव बदलो. मूळ भयाचे नाव बदलता कामा नये. मात्र हे पारखण्यासाठी मूळ कथा वाचलेली हवी. चित्रपट चौघांच्या तोंडी असतो, आणि ज्या मराठी कथेतून तो निघाला ती वाचनालयाच्या कपाटात धूळ खात पडते. अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांत धारप आणि नारळीकर मागून पाहावेत. पडद्यावरचे भय दिवे लागताच ओसरते. कागदावरचे आपल्याबरोबर घरी येते, आणि आपण नेमके कशाला भितो याचा विचार करावयास लावते.