घरचा कांदा दिवाळीपर्यंत

काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात मालकाने टाळेबंदी केली. त्या हिवाळ्यात वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही कांदा लावला. पीक चांगले आले. उपटला, दोन दिवसांत पात कापली, गोण्या भरल्या, शिवल्या आणि संघटनेच्या कचेरीत एकावर एक रचल्या. घरोघर सांगून आलो की दिवाळीपर्यंत कुणी कांदा विकत घेऊ नये. श्रावणात कचेरीचे दार उघडवेना, इतकी घाण सुटली. निम्म्याहून अधिक कांद्याचे काळे पाणी झाले होते. ज्या घरांत पगार नव्हता, त्यांना दिलेला शब्द असा मोडला. पुढे निफाडकडच्या शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून आम्ही जे शिकलो, ते येथे सांगावयाचे आहे.

टिकाऊ कांद्याची निवड बियाण्यापासून करावी लागते. आपल्याकडे कांद्याचे हंगाम तीन: पावसाळी, रांगडा आणि उन्हाळी. पावसाळी कांदा ताजा खाण्याचा. तो काही आठवड्यांत संपवावा. साठवणीला उन्हाळीच हवा. निफाडचा जुना एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राचा भीमा किरण, भीमा शक्ती हे वाण त्यासाठी चांगले. परदेशी बियाण्याच्या रंगीत पाकिटांना भुलू नये. थंड देशांतील कित्येक जातींना गड्डा धरण्यास फार लांब दिवस लागतो. तो आपल्याकडे मिळत नाही, आणि हाती नुसती पात येते.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागा एका कुटुंबास पुरे. तिला दहा ग्रॅम बी पुष्कळ होते. दिवाळीच्या सुमारास गादीवाफ्यावर बी टाकावे, सात-आठ आठवड्यांनी रोप उपटून लावावे. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर सहाशेच्या आसपास रोपे बसतात. मर-तूट धरूनही पंचवीस-तीस किलो कांदा मिळावा. रोप खोल लावू नये. गड्डा जमिनीच्या वर डोके काढून वाढला पाहिजे. मुळे वरच्या थरातच असतात, म्हणून पाणी थोडे पण वरचेवर द्यावे. युरियाचा हात मात्र लावणीनंतर दोन महिन्यांच्या आत आवरावा. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड होते, आणि जाड मान वाळत नाही. आमच्या सडलेल्या गोण्यांतील पहिला गुन्हेगार हाच होता.

मान म्हणजे गड्डा आणि पात यांमधला भाग. कांद्याचे हे दार आहे. ते वाळून बंद झाले की आत बुरशी शिरत नाही आणि आतला ओलावा सहजी बाहेर जात नाही. चैत्रात पात पिवळी पडू लागते आणि मानेतून आपोआप आडवी होते. यास ‘मान पडणे’ म्हणतात. काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडावे. निम्म्या झाडांच्या माना पडल्या की खुरप्याने सैल करून कांदे काढावेत. वाफ्यातच ओळीने असे पसरावेत की एका ओळीची पात मागल्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. उघड्या उन्हात गड्डा भाजतो. तीन-चार दिवसांनी इंचभर मान ठेवून पात कापावी. मुळाशी कापली तर दार सताड उघडेच राहिले. मग सावलीत, वाऱ्यावर, आणखी दहा-बारा दिवस. हे दिवस आम्ही खाल्ले होते. घाईचे कारण सांगावयाचे तर जागेवर मालकाचा पहारा बसेल अशी धास्ती होती. पण कांद्याला आमच्या अडचणीशी काय कर्तव्य?

वाळला की निवडावा. जोडकांदा, डेंगळा आलेला, जाड मानेचा आणि खुरपे लागलेला असा सारा माल आधी स्वयंपाकघरात लावावा. उरलेला एकसारखा माल ठेवणीचा.

आता ठेवणीची जागा. शेतकरी तिला ‘चाळ’ म्हणतो. रुंदी चार फुटांच्या आसपास, तळ जमिनीपासून उचललेला, खालून-बाजूने वारा खेळता, वर पाऊस अडविणारे छप्पर. कामगारांच्या चाळी बांधणाऱ्यांनी कांद्याच्या चाळीइतका वाऱ्याचा विचार केला असता तर बरे झाले असते. घरी हेच तत्त्व लहान प्रमाणात लावावे: फळांचे लाकडी खोके विटांवर ठेवावेत, आणि थर फूटभराहून जाड नसावा. गोणी, प्लास्टिकची पिशवी आणि बटाट्याची शेजारी टोपली ही तिन्ही वर्ज्य.

फ्रीजचा मोहही नको. उपटल्यावर कांदा काही काळ झोपेत असतो. २५ ते ३० अंशांच्या उष्णतेत ही झोप लांबते. १० ते २० अंशांच्या गारव्यात तो लवकर जागा होऊन कोंब काढतो. आपला उन्हाळा म्हणूनच त्यास मानवतो. खरा वैरी पावसाळी दमट हवा. आषाढात कांदेनवमीला भजी तळून अनेक घरे चातुर्मासापुरता कांदा सोडतात; सडण्याचा हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो. दर आठवड्याला नाक जवळ नेऊन खोके तपासावेत. एक सडका काढला की शेजारचे दहा वाचतात. एवढे करूनही वजनात घट येतेच. तिसरा हिस्सा गेला तरी आम्ही समाधान मानतो.

ज्याच्याकडे चाळ नाही तो शेतकरी चैत्र-वैशाखात मिळेल त्या भावाने कांदा विकतो. १९८० साली चाकणच्या आंदोलनात शेतकरी कांद्याच्या भावासाठीच रस्त्यावर उतरले होते. घरात दाणा नसलेला कामगारही असाच पहिल्या महिन्यात नमतो. थांबता येणे ही ताकद आहे, आणि ती विटांवरच्या खोक्यांत मावते, हे आम्हास त्या सडक्या गोण्यांनी शिकविले.

दुसऱ्या वर्षी वसाहतीतला कांदा दिवाळीला पुरला. शेवटच्या खोक्यातील काहींना कोंब आले होते, ते कुंड्यांत लावले. त्यांना माघात फुलांचे गेंद आले आणि वैशाखात बी मिळाले. कांद्याचे बी वर्षभरातच नासते, म्हणून ते आम्ही लगेच पुड्या बांधून वाटून टाकले.