मत्स्यपेटीची नळी का गुरगुरते?

आमच्या बैठकीच्या खोलीत काचेची एक मत्स्यपेटी आहे. तिच्याखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी ठेवलेली आहे. पेटीतले जादा पाणी पीव्हीसीच्या नळीतून या टाकीत उतरते, तेथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. मासे सुखात होते; माणसे मात्र नव्हती. दिवसा लक्षातही न येणारी नळीची गुरगुर रात्री सगळ्यांची झोप मोडीत असे.

वाहत्या पाण्याचा आवाज का होतो, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी ‘पाणी नळीला घासते म्हणून’ असे सांगतात. खरा वाजंत्री आहे हवेचा बुडबुडा! त्यातील हवा स्प्रिंगसारखी आणि भोवतालचे पाणी त्या स्प्रिंगला बांधलेल्या वजनासारखे वागते. बुडबुडा सुटताच तो कंप पावू लागतो. १९३३ साली मार्सेल मिनार्ट यांनी (हे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ) त्याचे सूत्र मांडले. त्यानुसार ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे १,१०० कंपने करतो. त्रिज्या निम्मी झाली की कंपने दुप्पट होतात.

मग नळीत एवढी हवा येते कोठून? विद्यार्थिमित्रहो, थोडे गणित करू. आमच्या नळीचा आतील व्यास २५ मिलिमीटर आणि उतार ७० सेंटिमीटर. नळी पूर्ण भरून वाहिली, तर पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.७ मीटर येतो. म्हणजे मिनिटाला १०९ लिटर. घर्षणापोटी त्यातले निम्मे सोडून द्या. पण पंप देतो मिनिटाला अवघे २० लिटर! तेव्हा पाणी नळीच्या कडेकडेने उतरते आणि मधली जागा हवा व्यापते. अधूनमधून नळी क्षणभर भरते आणि वक्रनलिका, म्हणजे सायफन, सुरू होते. प्रयोगशाळेतला वासुदेव प्याला आठवा. पाणी भराभर ओढले जाते, पातळी उतरते, तोंडाशी भोवरा पडून हवा आत शिरते, धार तुटते. पातळी चढली की पुन्हा तेच.

या घुसळणीतले अगदी बारीक बुडबुडे आणखी एक उपद्रव करतात. ०.१ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर चढतो. तो पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच पंप त्याला ओढून घेतो आणि वरचे पाणी धुरकट दिसू लागते.

यावर एक उपाय म्हणजे हवेला वेगळी वाट देणे. नळीच्या माथ्यावर टी जोडायचा, पाणी घेणारे तोंड एल्बोने खाली वळवून पाण्यात बुडवायचे आणि माथ्यावरच्या टोपणाला भोक पाडायचे. भोक फार बारीक झाले तर गुरगुर परत येते, फार मोठे झाले तर आवाज तेथूनच बाहेर पडतो. ते करूनच पाहावे लागते.

दुसरा उपाय हवेला आत येऊच न देण्याचा. नळीच्या खालच्या टोकाजवळ व्हॉल्व्ह बसवून तो असा आवळायचा, की पंप देईल तेवढेच पाणी उतरावे. नळी भरून वाहते आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मी हेच केले आणि पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला शोभेल अशा ऐटीत झोपलो. पहाटे पाहतो तो खोलीभर पाणी, आणि त्यात बारावीची तपासायला आणलेली जर्नले! पाणवनस्पतीचे एक पान व्हॉल्व्हमध्ये अडकले होते आणि पंपाने खालच्या टाकीतले पाणी इमानेइतबारे वर चढवून काठावरून सांडले होते.

नळीतली जी मोकळी जागा वाजत होती, तीच अडचणीच्या वेळी जादा पाणी वाहून नेणारी होती. आवाजाबरोबर मी ती सवडही काढून टाकली होती.

आता शेजारी तेवढ्याच व्यासाची दुसरी नळी आहे. तिला व्हॉल्व्ह नाही आणि तिचे तोंड पाण्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा २ सेंटिमीटर उंच आहे. एरवी ती कोरडीच असते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री मात्र ती गुरगुरू लागली. उठून पाहिले, तर पुन्हा पानच! व्हॉल्व्ह सैल करून ते वाहू दिले, व्हॉल्व्ह पूर्वीइतका आवळला आणि दिवा मालवला. जर्नले टेबलावर कोरडी होती.